व्हरांड्यातली उर्दू

त्या दिवशी मंगळवार होता. नाना, म्हणजे आमचे वडील, ऑफिसातून निघून दवाखान्यात गेले. मुकुंदच्या कमरेच्या हाडात सुई घालून काढलेल्या मगजाचा रिपोर्ट आला होता. डॉक्टरांनी नानांना आत बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं, की मुलाला ल्युकेमिया आहे. नाना घरी आले. त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले, आणि आम्हाला सांगितलं, की मुकुंदच्या अंगात रक्त कमी आहे, इलाज करावा लागेल. मुकुंद पंधरा वर्षांचा होता. मी सतरा वर्षांची होते.

आमचं घर मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या भिंतीपासून दोन गल्ल्या आत होतं. पहाटे घोडे फिरवायला काढत आणि टापांचा आवाज आमच्या अंथरुणापर्यंत यायचा. माती ओली असली की तो दबका यायचा, थंडीच्या दिवसांत कोरडा आणि जवळचा वाटायचा. मुकुंद डोळे मिटून पडल्या पडल्या सांगायचा, हा एकटा आहे, हे दोघं आहेत, हा नवा दिसतोय, अजून बिचकतोय. मला सगळे सारखेच ऐकू यायचे. रेसच्या दिवशी दुपारी भोंग्यातून शर्यतीचं वर्णन सुरू व्हायचं. वारा आमच्याकडचा असला तर घोड्यांची नावंसुद्धा कळायची, आणि नाना जेवणावरून उठल्या उठल्या त्या बाजूच्या दोन्ही खिडक्या लावून घ्यायचे. नानांच्या मते माणसांची घरं दोन गोष्टींनी बुडतात, एक रेस आणि दुसरी कोर्टकचेरी. त्यांचे धाकटे भाऊ वकील असल्यामुळे दुसरीबद्दल ते फार बोलत नसत. रेसकोर्सच्या इतक्या जवळ राहून आमच्यापैकी कोणीही त्याच्या फाटकातून आत गेलेलं नव्हतं. मुकुंदला घोड्यांच्या पावलांवरून घोडा ओळखता यायचा, पण त्याने घोडा धावताना पाहिलेला नव्हता.

हे वकील भाऊ म्हणजे आमचे भाऊकाका. ते काचीगुड्याला स्टेशनसमोरच्या गल्लीत राहत आणि जवळजवळ रोज संध्याकाळी सायकलवरून आमच्याकडे येत. ते आले की आई दोन कप चहा आणि बशीत उस्मानिया बिस्किटं ठेवायची, आणि दोघे भाऊ व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या टाकून बसायचे. नाना आणि काका शाळेत गेले त्या काळी इथे सगळं शिक्षण उर्दूत होतं. गणित, इतिहास, शरीरशास्त्र, कायदा, सगळं ते उर्दूत शिकले होते. घरात आम्ही मराठी बोलायचो, नाना ऑफिसात इंग्रजी आणि गरजेपुरती तेलुगू बोलायचे, पण काही गंभीर बोलायचं असलं की दोघे भाऊ उर्दूवर जायचे. जमिनीचा दावा, कोणाचं दुखणं, कोणाच्या मुलीचं न जमलेलं लग्न, असलं सगळं त्या व्हरांड्यात उर्दूत बोललं जायचं. आम्हाला लहानपणापासून सवय होती. उर्दू सुरू झाली की आपण तिथून उठायचं. आम्ही बाजारात, गल्लीत, रिक्षावाल्याशी जी बोली बोलायचो ती नानांच्या हिशेबी उर्दू नव्हतीच. 'हौ' आणि 'नक्को' म्हणणाऱ्यांना आपली जबान काय कळणार, असं ते हसून म्हणायचे.

मी हे मराठीत लिहिते आहे, आणि आमच्या घरातल्या पुढच्या पिढीपैकी कोण वाचेल याची मला खात्री नाही. भाऊकाकांच्या नाती माझ्याशी छान मराठी बोलतात, मध्येमध्ये तेलुगू घालतात, पण पान पुढे केलं की अक्षरं लावत बसतात आणि मग म्हणतात, तूच वाचून दाखव ना. दाखवीन कधीतरी.

त्या मंगळवारनंतर व्हरांड्यातली उर्दू रोजची झाली. नानांचा आवाज मुळातच हळू, तो आणखी उतरला. त्यातला एक शब्द पुन्हा पुन्हा कानावर यायचा, सरतान. मी मराठी शाळेत शिकलेली, मला तो कळत नव्हता. शेवटी एका दुपारी आई अंबाडीची भाजी निवडत बसली होती, तेव्हा मी तिच्यासमोर बसले आणि पानं खुडता खुडता विचारलं. आईने आधी मुकुंद झोपला आहे ना ते पाहून घेतलं. मग खाली मान घालून म्हणाली, रक्ताचा कॅन्सर आहे त्याला. लगेच तिने मला बजावलं, की त्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही, शेजारीपाजारी नाही, मैत्रिणींतही नाही. त्याला कळलं तर तो हाय खाईल. आणि बाहेर कळलं तर उद्या तुझ्या लग्नाच्या वेळी लोक विचारतील, यांच्या रक्तातच काहीतरी आहे का. भाजी निवडून झाली. तिने देठ कागदात गुंडाळले आणि डोळे पुसून भाकरीचा तवा चढवला.

मला त्या काळात कोणतीही गोष्ट पुस्तकात वाचल्याशिवाय खरी वाटत नसे. मुसी नदीच्या काठावरच्या मोठ्या लायब्ररीत जाऊन मी इंग्रजी पुस्तकं काढून बसायचे. निम्मं कळायचं नाही. जे कळलं ते असं, की रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. तिथे पांढऱ्या पेशींपैकी काही कच्च्याच राहतात, कामाच्या होत नाहीत, पण वाढत जातात आणि सगळी जागा व्यापतात. मग तांबड्या पेशींना जागा उरत नाही म्हणून माणूस फिका पडतो, रक्त गोठवणाऱ्यांना उरत नाही म्हणून नाकातून रक्त येतं, आणि शरीराची राखण करणाऱ्या चांगल्या पांढऱ्या पेशी कमी पडतात म्हणून ताप उतरत नाही. वाचताना मला एकेक दिवस आठवत होता. महिनाभरापूर्वी त्याच्या मांडीवर उठलेले निळे डाग पाहून आईने अन्वरशी मारामारी केलीस म्हणून त्याला धपाटा घातला होता. अन्वर म्हणजे त्याचा शेजारच्या गल्लीतला दोस्त. मारामारी झालेली नव्हती. पुस्तकात असंही स्पष्ट लिहिलेलं होतं, की हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि घराण्यातून सहसा येत नाही. ते मला आईला सांगावंसं वाटलं, पण पुस्तकात काय लिहिलंय त्यावर लोकांची तोंडं बंद होत नसतात हे मलाही ठाऊक होतं.

इलाज सुरू झाला. डॉक्टर सुगुणा नावाच्या बाई त्या वॉर्डाच्या प्रमुख होत्या. ठेंगण्या, केसांत नेहमी कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा, गजरा, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणाऱ्या. शिरेतून औषधं, पाठीच्या मणक्यातून सुई, वरून रक्ताच्या बाटल्या. मुकुंदचे केस उशीवर राहू लागले तेव्हा नानांनी त्याला आपली काळी टोपी दिली. ती त्याच्या कानांपर्यंत यायची आणि अन्वर त्याला 'तहसीलदार साब' म्हणायचा. गोळ्यांनी त्याचा चेहरा गोल झाला आणि त्याला विलक्षण भूक लागू लागली. ती भूक औषधाची होती, पण आईला वाटलं, पोरगा सुधारतोय. डॉक्टरांनी कच्चं काही द्यायचं नाही असं सांगितल्यावर कोशिंबिरी बंद झाल्या, कोथिंबीरसुद्धा तिने सोडली, पाणी दोनदा उकळायची. बाकी दिवसभर घरात काही ना काही शिजत असायचं. चिंच घालून पातळ वरण, त्यावर लसणाची फोडणी, अंबाडी, ज्वारीची गरम भाकरी, सकाळी उप्पीट, दुपारी पुन्हा भात. तो खायचा आणि आई त्याच्या ताटाकडे पाहत बसायची. इतकी तृप्त मी तिला त्यापूर्वी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. त्या फोडणीचा वास आजही कुठल्या घरातून आला तर मी क्षणभर थांबते, आणि मला आधी तिचा चेहरा आठवतो, मुकुंदचा नंतर.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, की रक्तात आता कच्च्या पेशी दिसत नाहीत. रोग गेला असं त्या म्हणाल्या नाहीत. दबला आहे, म्हणाल्या, औषधं चालू ठेवायची. नानांनी घरी येऊन सांगितलं, रक्त वाढलंय. मुकुंद म्हणाला, बरं झालं. आणि ताटातलं वरण ओरपू लागला.

रेसची गोष्ट याच दिवसांतली. वॉर्डात मुलं वाढत होती, खाटा पुरत नव्हत्या, बाहेरगावच्या पोरांना रक्त मिळायला उशीर व्हायचा. डॉक्टर सुगुणांनी कोणाकोणाला भेटून ठरवून आणलं, की थंडीतल्या एका रविवारी रेसकोर्सवरची एक शर्यत वॉर्डाच्या मदतीसाठी होईल. तिचं उत्पन्न मुलांच्या औषधाला आणि रक्तासाठी जाईल. ज्यांची तब्येत बरी आहे अशा मुलांना आत वेगळ्या मांडवात, गर्दीपासून लांब, कठड्यापाशी बसवणार होते. मुकुंदला दोघांचा पास मिळाला. त्याने तो घरी आणून नानांच्या टेबलावर, चष्म्याखाली ठेवला.

नानांनी पाहिला आणि नाही म्हटलं. रेस म्हणजे जुगार, आणि मुलांच्या नावावर केला म्हणून जुगाराचं पुण्य होत नाही, असं ते म्हणाले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती नानांच्या शब्दाबाहेर सहसा जात नसे. त्या दिवशी म्हणाली, "तुम्हाला कुठं पैसे लावायचेत? त्याला घोडे बघायचेत."

पण जुगार हे नानांचं अर्धंच कारण होतं. उरलेलं मला दुसऱ्या दिवशी कळलं. वॉर्डातल्या एका मुलासाठी आईने डबा दिला होता तो घेऊन मी नानांबरोबर दवाखान्यात गेले, आणि नानांनी डॉक्टर सुगुणांकडे जो विषय काढला तो भोंग्याचा होता. शर्यतीच्या आधी भोंग्यावरून सांगणार ना, की ही कशासाठी आहे? तेव्हा रोगाचं नाव घेऊ नका, अशी त्यांनी विनंती केली. आजारी मुलांसाठी म्हणा, गरीब मुलांसाठी म्हणा. नानांना कोणापुढे हात जोडताना मी पाहिलेलं नव्हतं. डॉक्टर सुगुणांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, की या रोगाचं नाव लोक घेत नाहीत म्हणूनच पोरं माझ्याकडे उशिरा येतात. निळे डाग पडतात, घरचे म्हणतात पडला असेल. ताप येतो, म्हणतात हवा लागली. नाव न घेता मी कोणाला काय समजावू? आणि तुमचा मुलगा पंधराचा आहे, त्याला तुम्ही सांगा. भोंग्याने सांगण्यापेक्षा बापाने सांगितलेलं बरं. नानांनी मान हलवली. परतताना बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत राहिले. घरी आल्यावर त्यांनी मुकुंदला हाक मारली, तो आला, आणि नानांनी त्याला गणिताच्या परीक्षेबद्दल विचारलं.

भाऊकाकांनी उपाय सुचवला, की त्या रविवारी पोराला काचीगुड्याला माझ्याकडे पाठव. मुकुंद जायला तयार नव्हता. पास आहे, तुम्ही येत नसाल तर मी अन्वरबरोबर जातो, असं त्याने शांतपणे सांगितलं. तिथे नानांचा नाइलाज झाला. ते नाव त्याच्या कानावर पडेल तेव्हा शेजारी परका पोरगा असावा, हे त्यांना सोसवलं नसतं. रविवारी दुपारी त्यांनी ट्रंकेतून काळी शेरवानी काढली. त्यांच्या लग्नाच्या वेळची, डांबरगोळ्यांचा वास येणारी, पोटावर आता घट्ट होणारी. पास दोघांचाच होता, पण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की बहिणीलाही येऊ द्या, म्हणून मी गेले. आईने मुकुंदच्या तोंडाला बांधायला उकळून इस्त्री केलेला रुमाल दिला.

आत गेल्यावर मला पहिली जाणवली ती हिरवळ. आमच्या गल्लीमागे इतकी मोठी मोकळी जागा आहे हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मांडवात दहा-बारा मुलं होती, कोणाच्या डोक्याला फडकं, कोणाच्या टोपी. मुकुंद सरळ कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. नाना त्याच्या शेजारी उभे राहिले, पण धावपट्टीकडे पाठ करून. रेस पाहणार नाही हा त्यांचा शब्द होता आणि तो ते पाळत होते. हातात छत्री, गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी, आणि तोंड सगळ्या प्रेक्षकांकडे. समोरून पाहणाऱ्यांना ते शर्यतीचे कोणी बडे अधिकारी वाटले असतील. एक पोऱ्या त्यांना सलाम करून गेलाही.

मग भोंगा खरखरला. आधी इंग्रजी. आता होणारी शर्यत अमुक वॉर्डासाठी आहे, आणि त्यापुढे ते नाव. त्याच क्षणी नाना मोठ्याने बोलू लागले. माझ्या आयुष्यात मी त्यांना एवढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. त्या पलीकडच्या घोड्याचा रंग कोणता म्हणतात रे, त्या माणसाची टोपी पाहा, थंडी वाढली, रुमाल नीट बांध. आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले. पाठ फिरवून उभे असलेले नाना, न पाहिलेल्या घोड्याचा रंग विचारत होते. मला हसू आलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली. इंग्रजी संपली, आणि उर्दू सुरू झाली. तीच नानांची उर्दू, व्हरांड्यातली, स्वच्छ आणि अदबशीर. ख़ून के सरतान में मुब्तला बच्चों के लिए. नानांचा आवाज तिथे फुटला आणि थांबला. आपल्याच भाषेच्या वर आवाज चढवणं त्यांना जमेना.

मुकुंदने तोंडावरचा रुमाल खाली केला आणि त्यांच्या बाहीला हात लावला.

"नाना, राहू द्या. मला माहीत आहे."

नाना त्याच्याकडे पाहत राहिले.

"तुम्ही नि काका बोलता ना व्हरांड्यात, ते सगळं कळतं मला. पहिल्यापासून. तो एक शब्द नव्हता कळत. तो अन्वरच्या अम्मीला विचारला. ती रडायला लागली, मग कळला."

नानांनी हातातली छत्री कठड्याला टेकवली. मग विचारलं, "उर्दू कुठं शिकलास तू?"

"मलकपेठेत राहतो ना आपण," मुकुंद म्हणाला.

तेवढ्यात भोंग्यावरची तेलुगूही संपली आणि पलीकडच्या टोकाला फाटक उघडलं. आधी आवाज आला, रोज पहाटेचाच, पण आता जमिनीतून वर, पायांत येणारा. मुकुंद कठड्यावर वाकला. म्हणाला, "नाना, आता तरी वळा. घोडे येतायत." आणि नाना वळले. आठ-नऊ घोडे एका घोळक्यात आमच्या समोरून गेले, मातीचे गोळे कठड्यावर उडाले, एक नानांच्या शेरवानीवर बसला. ते संपायला काही क्षणच लागले असतील. कोण जिंकलं ते मला आठवत नाही, आम्ही विचारलंही नाही. मुकुंद घोडे निघून गेल्यावरही त्या दिशेला पाहत होता. नाना त्याच्याकडे पाहत होते.

घरी येताना रिक्षात नानांनी त्याला विचारलं, की माहीत होतं तर आम्हाला का नाही बोललास. तो म्हणाला, मला माहीत नाही असं वाटायचं म्हणून तुम्ही माझ्यासमोर तरी हसायचा. मी सांगितलं असतं तर तेवढंही गेलं असतं. नानांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत तो उचलला नाही.

त्या संध्याकाळी भाऊकाका आले, सायकल भिंतीला लावली, खुर्चीत बसले आणि नेहमीप्रमाणे उर्दूत विचारू लागले, की काय झालं, कळलं का त्याला. नाना म्हणाले, "भाऊ, मराठीत बोल. आणि थांब, मुकुंदची खुर्ची येऊ दे." मी आतून खुर्ची नेली. मग मलाही बस म्हणाले. भाऊकाकांना मराठीत बोलताच येईना. शरीर, रोग, औषध यांबद्दलचं त्यांचं सगळं ज्ञान उर्दूतलं, मराठीत ते लहान मुलासारखे अडखळत होते, आणि मुकुंद त्यांना शब्द पुरवत होता. आई दाराशी उभी होती. खूप दिवसांनी ती आमच्या सगळ्यांच्या समोर रडली आणि मुकुंदने तिला सांगितलं, की आता रडलीस तरी चालतंय, पण वरण करपायला नको.

त्यानंतरचे महिने मला वाईट म्हणता येत नाहीत. मी लायब्ररीतून आणलेली पुस्तकं आता लपवावी लागत नव्हती. आम्ही दोघं ती व्हरांड्यात बसून वाचायचो. मी मराठीत सांगायचे, तो ऐकायचा आणि मध्येच थांबवायचा. कच्च्या पेशींचं मी जे मोठ्या कष्टाने समजावलं, त्यावर तो म्हणाला, "म्हणजे काचीगुड्याच्या फलाटावर नुसते पोचवायला आलेलेच सगळे उभे आहेत, आणि ज्यांना गाडी धरायचीय त्यांना पाय ठेवायला जागा नाही. असंच ना अक्का?" असंच होतं. मी नंतर पुष्कळांना हा आजार समजावून सांगितला आहे, आणि प्रत्येक वेळी त्याचाच फलाट वापरला आहे. नाना आता ऑफिसात कोणी विचारलं तर नाव घेऊन सांगत. ऑफिसातली काही माणसं त्यांच्या सांगण्यावरून रक्त द्यायला दवाखान्यात गेली. नांदेडकडचं एक स्थळ माझ्यासाठी आलं होतं, त्यांनी मात्र पत्रिका जुळत नाही असा निरोप पाठवला. नानांनी पत्रिका पाठवलेलीच नव्हती. आईने दोन दिवस अन्न नीट खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, गेलं तर गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या मांडीवर पुन्हा डाग दिसले. ते आधी त्यानेच पाहिले आणि सकाळी चहा घेताना नानांना दाखवले. कोणी कोणाला पडलास का असं विचारलं नाही. पुन्हा औषधं, पुन्हा बाटल्या. या वेळी ती लागू पडली नाहीत. डॉक्टर सुगुणांनी नानांना आत बोलावलं तेव्हा मुकुंदने खाटेवरून नानांना जाताना पाहिलं आणि येताना पाहिलं. नाना येऊन त्याच्या उशाशी बसले. मी पायथ्याशी होते. दुपारची वेळ होती, पंखा फिरत होता, शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई त्याला मोसंबं सोलून देत होती.

"औषध बंद करणार का?" मुकुंदने विचारलं.

नाना हो म्हणाले.

"उपयोग होत नाही म्हणून?"

"हो."

"आईला सांगितलंत?"

"आता जाऊन सांगतो."

"तुम्हीच सांगा," मुकुंद म्हणाला. "काकांना नका पाठवू, ते अडखळतात."

नाना हसले. मी ते पाहिलं आहे. मग मुकुंदने विचारलं की दुखेल का, आणि नानांनी त्याला डॉक्टर जे म्हणाल्या होत्या ते सगळं, काही न गाळता, हळूहळू सांगितलं. मध्ये एकदा त्यांना थांबावं लागलं. मुकुंद थांबला, घाई केली नाही. शेवटी बरं म्हणाला आणि कुशीवर वळला. आम्ही त्याला घरी आणलं. त्याची खाट खिडकीशी लावली. नंतरच्या आठवड्यात, सकाळी, आई त्याला चमच्याने पेज देत असताना तो गेला.

नाना पुढे पुष्कळ वर्षं जगले. दर वर्षी थंडीत ते शेरवानी घालून वॉर्डासाठीच्या रेसला जात, पैसे कधी लावले नाहीत, कठड्यापाशी उभे राहून पाहून परत येत. ती रेस काही वर्षांनी बंद झाली. आता शहरात या आजारासाठी माणसं धावतात. तलावाच्या काठच्या रस्त्यावर, रविवारी पहाटे, हजारो. मी धावू शकत नाही, चालणाऱ्यांत नाव देते. गेल्या वर्षी छातीवर लावायच्या कागदावर, आपण कोणासाठी चालतो त्याचं नाव लिहायचं होतं. मी मराठीत लिहिलं. पेन देणारी मुलगी भाऊकाकांच्या नातींच्या वयाची होती. तिने ते वाचायचा प्रयत्न केला, मग मलाच विचारलं. मी सांगितलं, माझा भाऊ. कधी, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तू जन्मायच्या फार आधी. तिने मला सांगितलं, की तिला स्वतःला सहाव्या वर्षी ल्युकेमिया झाला होता. आता ती इंजिनिअरिंगला आहे. तिचे केस लांब होते, एका वेणीत बांधलेले. आता पुष्कळ मुलं बरी होतात, असं डॉक्टर सांगतात. जी औषधं तेव्हा नव्हती ती आज आहेत. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चालू लागले. चालताना मला तिचा आनंद वाटत होता, आणि सबंध रस्ता संपेपर्यंत मला रडू आवरलं नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मलकपेठेतलं आमचं घर पाडून तिथे आता चार मजली इमारत उभी आहे. नाना, आई, भाऊकाका, कोणी नाही. अन्वर परदेशी आहे, ईदला फोन करतो. त्या घरातली मी एकटी आहे. मुकुंद माझा धाकटा भाऊ होता. त्याला ल्युकेमिया होता, आणि ते त्याला माहीत होतं.